खांद्याच्या सोनोग्राफीलाही तोच कायदा?

मी फिजिओथेरपिस्ट. शिकले महाराष्ट्रात, काम करते ब्रिटनमध्ये, आणि गेली सहा वर्षं स्नायू-सांध्यांची सोनोग्राफीही करते. महाराष्ट्रातच राहिले असते तर प्रोब, म्हणजे अंगावर फिरवायचा यंत्राचा भाग, हातात आलाच नसता. गर्भलिंगनिदान रोखणारा आपला कायदा सगळ्याच सोनोग्राफीला लागू होतो, आणि त्याने ते काम रेडिओलॉजिस्टचं किंवा खास प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरचं. खेळाडूंवर उपचार करणारी माझी पुण्याची मैत्रीण परवा फोनवर चिडून म्हणाली, "गर्भलिंगनिदानाचा कायदा गुडघ्याला कशाला लावायचा गं? तुमच्याकडे बघ, सगळं खुलं."

तिची तळमळ मला कळते. परवाच खांदा धरलेला एक रंगारी आला होता. त्याला म्हटलं, हात बाजूने हळूहळू वर घ्या. पडद्यावर टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारा दोर, हाडाच्या कमानीखाली सरकताना दिसत होता, आणि जिथे तो अडला नेमकं तिथेच माणूस कळवळला. एमआरआयमध्ये निपचित पडलेला खांदा हे सांगत नाही. पण याच टेंडनवर प्रोब जरासा तिरपा झाला, की धडधाकट जागा काळी पडते, फाटल्यासारखी दिसते. नवशिका तिथे हमखास फसतो. म्हणून यंत्र कुणाच्याही हाती द्या, असं मी म्हणणार नाही.

"तुमच्याकडे खुलं" हे तर मला अजिबात पटत नाही. इथे विसाव्या आठवड्याच्या तपासणीत आईबापांनी विचारलं तर मुलगा की मुलगी ते बहुतेक ठिकाणी सांगतात. आपल्याकडे ते का सांगत नाहीत, हे विसरून कसं चालेल? असा कायदा 1988 मध्ये देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने केला, केंद्राचा 1994 चा, तो 2003 मध्ये कडक झाला. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली 2001 मध्ये 913 होत्या, त्या 2011 मध्ये 894 वर आल्या. बीड जिल्ह्यात तर 807. ज्या मुली जन्मालाच आल्या नाहीत, त्यांच्यासाठीचा हा कायदा सैल करा, असं परदेशात बसून सांगायला माझी जीभ रेटत नाही.

पण दुसरी बाजूही घरातलीच आहे. माझ्या वहिनीला चौतिसाव्या वर्षी छातीत गाठ लागली. या वयात स्तनाची ऊती दाट असते, मॅमोग्राफीत गाठ त्यात लपून जाते. म्हणून आधी सोनोग्राफी. आपल्याकडे बायकांच्या कॅन्सरमध्ये स्तनाचा कॅन्सर पहिला आहे, आणि तो पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो. वहिनी तालुक्याच्या केंद्रावर गेली, तर यंत्राला सील. या कायद्याखाली भरायच्या गरोदर बायकांच्या फॉर्ममध्ये चुका सापडल्या होत्या म्हणे. शिक्षा केंद्राला झाली, खोळंबली वहिनी. दुसरीकडे नंबर लागेपर्यंत अठरा दिवस गेले. गाठ साधी निघाली, पण त्या अठरा रात्री ती झोपली नाही. इथेही वाट बघावी लागते, मात्र एकदा बोलावणं आलं की बहुतेक ठिकाणी डॉक्टरची तपासणी, सोनोग्राफी आणि लागलीच तर सुईने तुकडा काढणं, सगळं एकाच दिवशी उरकतं.

माझं मत असं झालंय. खांदा, मनगट, स्तन, कातडीखालच्या गाठी यांना जास्त फ्रिक्वेन्सीचा सपाट प्रोब लागतो. त्याच्या ध्वनिलहरी थोड्या सेंटीमीटरांतच विरून जातात. पोटाचा प्रोब वेगळा, बाकदार. ज्या यंत्राला दुसरा प्रोब जोडताच येणार नाही, कारखान्यातूनच तशी कुलूपबंद केलेली यंत्रं, त्यांचा कायद्यात वेगळा वर्ग करावा. सडपातळ बाईच्या पोटातलं बाळ सपाट प्रोबनेही थोडंफार दिसू शकतं, त्यामुळे नोंदणी आणि तपासणी तिथेही हवीच. पण अशा यंत्रावर परीक्षा पास झालेल्या फिजिओला, सर्जनला काम करू द्यावं.

आणि हे होईल तेव्हा होवो. आज एखादं यंत्र सील करताना अधिकाऱ्याने त्या आठवड्याच्या नंबरांची वही उघडावी, छातीतल्या गाठीसाठी आलेल्या बायकांची नावं वेगळी काढावीत आणि त्यांची तपासणी कुठे, कोणत्या दिवशी होईल ते त्याच दिवशी फोन करून कळवावं. त्याला कायदा बदलावा लागत नाही.