गर्भाशय सरकतं म्हणे!

माझी भाची बारा वर्षांची, शाळेच्या फुटबॉल संघात फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीत, खेळते. परवा तिने फोनवर हळूच विचारलं, "मावशी, माझं गर्भाशय सरकलं असेल का गं?" ताईच्या मोबाइलवर फिरत आलेला एक मेसेज तिने वाचला होता. मग मीही वाचला. 'मुलीला फुटबॉलला घालण्याआधी हे वाचा'. पाठवणारे 'एक ज्येष्ठ डॉक्टर', नाव-गाव काही नाही. म्हणणं असं की खेळून गर्भाशय सरकतं आणि पुढे मूल होत नाही, गुडघे जातात, पंचविशीत करिअर आटोपतं, आणि मुलींची मॅच बघतं तरी कोण!

गर्भाशयाचं आधी, कारण पोरगी घाबरली ती त्यालाच. ते काही खुंटीला अडकवलेली पिशवी नव्हे, धावलं की हलायला. कंबरेच्या हाडांच्या कड्यात, स्नायूंनी आणि बंधांनी धरून ठेवलेलं असतं. 'अंग बाहेर येणं', म्हणजे गर्भाशय खाली उतरणं, हा त्रास खरा आहे, पण तो मुख्यतः बाळंतपणांमुळे आणि वाढत्या वयामुळे होतो. म्हणजे ज्यासाठी मुलीला घरी बसवायचं, त्यानेच!

आणि मूल होत नाही? अमेरिकेची फॉरवर्ड अ‍ॅलेक्स मॉर्गन तीन विश्वचषक खेळून मे २०२० मध्ये आई झाली. त्याच नोव्हेंबरात ती इंग्लंडच्या टॉटनहॅम क्लबकडून मैदानात उतरली. २०२२ मध्ये अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक, १५ गोल तिचेच. सप्टेंबर २०२४ मध्ये ती शेवटची मॅच खेळली तेव्हा दुसऱ्यांदा गरोदर होती. २०२१ पासून फिफाच्या, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेच्या, नियमांत खेळाडूंना किमान १४ आठवड्यांची बाळंतपणाची रजा आहे. यांना मुलंच होत नसती, तर ही रजा कुणासाठी काढली, हे त्या ज्येष्ठ डॉक्टरांनी सांगावं.

पंचविशीचं एका ओळीत: कॅनडाची क्रिस्टीन सिंक्लेअर सोळाव्या वर्षी देशाकडून खेळू लागली, चाळिशीत थांबली आणि मधल्या काळात १९० आंतरराष्ट्रीय गोल केले. इतके कुठल्याही पुरुषाचेही नाहीत.

मॅच कोण बघतं? २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांची मॅच बघायला सुमारे ५३ हजार लोक आले होते. वर्षभरात इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने 'हा खेळ बायकांना योग्य नाही' म्हणत आपल्या क्लबांची मैदानंच त्यांना बंद केली. ती बंदी जवळपास ५० वर्षं टिकली. एवढी वर्षं दार लावून ठेवायचं आणि मग गर्दी नाही म्हणून नाक मुरडायचं! पैसा पुरुषांपेक्षा खूप कमी मिळतो, हे मात्र कबूल.

गुडघ्याचंही नाइलाजाने मान्य करते. गुडघ्यातला एसीएल नावाचा बंध फाटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा जास्त, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. इंग्लंडची बेथ मीड २०२२ च्या युरोत, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, सर्वाधिक गोल करणाऱ्यांत पहिली आली आणि नोव्हेंबरात गुडघा गेला, २०२३ चा विश्वचषक हुकला. पण ती परतली आणि २०२५ चा युरो जिंकणाऱ्या संघात होती.

हे सगळं ताईला पाठवलं. तिचं उत्तर आलं, "म्हणजे गुडघ्याचं खरं ना?" खरं आहे बाई. म्हणून शनिवारी भाचीच्या कोचला गाठणार आहे. फिफाचा '११ प्लस' नावाचा वीसेक मिनिटांचा वॉर्मअप आहे, दुखापती कमी करण्यासाठीच बनवलेला. तो करून घेतात, की पोरींना दोन फेऱ्या पळवून थेट मॅचला सोडतात, ते विचारायचंय.