‘अंध गिऱ्हाईक आजवर आलं नाही’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार.

‘संकेतस्थळ सगळ्यांना उघडलं पाहिजे’ या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया परवा आली. साइट अंधांना आणि वेगवेगळ्या ब्राउझरवर वापरता येते का हे तपासून घ्या, असं मी त्यात म्हटलं होतं. ज्यांच्या वाचनात ती आली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुम्ही आंबा बागायतदारांच्या आणि पर्यटकांची घरगुती सोय करणाऱ्यांच्या साइट बनवता. तुमचं म्हणणं असं: लेख पुस्तकी आहे. आंब्याची पेटी मागवणारं अंध गिऱ्हाईक तुमच्या कुठल्याच साइटवर आजवर आलेलं नाही. क्रोमवर चाललं की काम झालं. पाच-सात हजारांत साइट मागणाऱ्या बागायतदाराकडून या तपासण्यांचे पैसे कोण घेणार? अगदीच हवं असेल तर तयार प्लगइन, म्हणजे साइटला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, मिळतात. आणि माझ्याच लेखातल्या फोटोला पर्यायी मजकूर, म्हणजे फोटो न दिसणाऱ्याला त्यात काय आहे ते सांगणारे शब्द, नाहीत. शेवटचं वाक्य तुमचंच देते: ‘ताई, आधी आपल्या घरात झाडू मारा, मग गावाला शिकवा.’

फोटोचं आधी सांगते. केळशीच्या वाळूच्या टेकडीचा जो फोटो मी लेखात टाकला होता, त्याला पर्यायी मजकूर नव्हता. चूक माझी. काल रात्री तो घातला. जुने लेखही चाळले, त्यांत आणखी दोन फोटो तसेच निघाले, तेही दुरुस्त केले. दाखवून दिल्याबद्दल आभार.

पण ‘फोटोला मजकूर नाही’ हे चार शब्दांत सांगता आलं असतं. आमच्याकडे कुणाला ताई म्हटलं की पुढचं वाक्य माणूस सांभाळून बोलतो. तुम्ही ताई म्हणून माझ्या हातात झाडू दिलात. हाच लेख एखाद्या पुरुषाने लिहिला असता तर तुम्हाला झाडू सुचला असता का, याचं उत्तर मला नको, तुमचं तुम्ही द्या.

आता ‘पुस्तकी’. हा शब्द मला लागला, आणि तो मी तसाच सोडून देणार नाही.

मी हे काम दापोलीत २००३ साली शिकले. माझी पहिली साइट २००४ ची, मुरुडच्या एका घरगुती सोयीची. मजकूर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लिहून दिला होता. ते प्राथमिक शाळेत शिक्षक, अक्षर आणि भाषा दोन्ही नेटकं. त्या काळी आम्ही मराठी टंकायचो ते अशा फाँटमध्ये, जो पडद्यावर देवनागरी दाखवतो पण आत साठवतो रोमन अक्षरं. ज्याच्या संगणकावर तो फाँट नाही त्याला पानभर रोमन अक्षरांचा चुथडा दिसायचा. म्हणून पानाच्या डोक्यावर ‘फाँट येथून उतरवून घ्या’ अशी ओळ असायची. पुढे पानासोबत आपोआप उतरणारा फाँट मी वापरला. तो इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच चालायचा, पण तेव्हा सगळ्यांकडे तोच ब्राउझर होता आणि मी निर्धास्त होते. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली. त्यानंतरच्या हंगामात पुण्याच्या एका पाहुण्यांचा मुरुडला फोन आला: तुमची साइट बिघडलीय, काही वाचता येत नाही. साइट जशी केली होती तशीच होती. मी ती एकाच ब्राउझरसाठी केली होती.

देवनागरी तर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना सारखीच कळणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून होती. आम्ही ती वापरत नव्हतो, कारण ‘एक्स्प्लोररवर चालतंय ना!’ तुमचं ‘क्रोमवर चाललं की झालं’ वाचलं आणि मला माझंच वीस वर्षांपूर्वीचं बोलणं ऐकू आलं.

पुढचं सांगणं मला सोपं नाही. अण्णांना काचबिंदू झाला. उशिरा कळला. २०१२ पर्यंत दोन्ही डोळ्यांची दृष्टी जवळजवळ गेली. मी त्यांच्या संगणकावर एनव्हीडीए बसवलं. हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम मोफत मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये तो लिहायला घेतला, पुढे जेम्स तेह हा दुसरा अंध प्रोग्रॅमर त्याच्यासोबत आला. अण्णा आठवडाभरात कळा शिकले. मग एके संध्याकाळी म्हणाले, ‘ते मुरुडचं पान लाव गं, मी लिहिलेलं.’ पान तेव्हाही जुन्या फाँटमध्येच होतं. यंत्र त्या आतल्या रोमन अक्षरांना जमेल तसं वाचू लागलं. एकही मराठी शब्द नाही. अण्णांनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, ‘बंद कर.’ त्या रात्री मी सगळं पान युनिकोडमध्ये पुन्हा टंकलं.

हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

आता तुमचं ते वाक्य: अंध गिऱ्हाईक आजवर एकही आलेलं नाही. तुम्हाला हे कळलं कसं? साइटच्या भेटींच्या आकडेवारीत ब्राउझर दिसतो, फोन दिसतो, गाव दिसतं. माणूस डोळ्यांनी वाचतोय की कानांनी, हे तिथे दिसत नाही. एनव्हीडीएसारख्या पडदावाचकाची वेगळी नोंद तिथे होतच नाही. दुकानाला चार उंच पायऱ्या ठेवायच्या आणि गल्ल्यावर बसून म्हणायचं की चाकाच्या खुर्चीवरचं गिऱ्हाईक आपल्याकडे येत नाही, तसं हे झालं. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद आहे, त्यातल्या दृष्टीचं अपंगत्व असलेल्या ५० लाखांच्या वर. त्यातल्या कुणालाच हापूस आवडत नाही, असं तुम्हाला म्हणायचं आहे का?

आणि तुमच्याकडे अंध गिऱ्हाईक आलेलं आहे. काल रात्री आलं होतं.

तुमच्या प्रतिक्रियेखाली तुम्ही केलेल्या एका बागेच्या साइटचा दुवा आहे. बागेचं नाव मी इथे लिहीत नाही. माझी आत्या पुण्याला असते, दर एप्रिलमध्ये अण्णा तिला पेटी पाठवतात. या वर्षीची पेटी या साइटवरून मागवून बघा, असं मी त्यांना सांगितलं आणि शेजारी बसले. पान उघडलं. पानाची भाषा इंग्रजी अशी नोंदवलेली आहे, तयार साच्यातून आलेली तशीच राहिलेली. म्हणून एनव्हीडीए इंग्रजी आवाजावर गेलं आणि मराठी मजकुराचं भलतंच काही करू लागलं. अण्णांनी आवाज हाताने मराठीवर आणला. ‘आमचे भाव’ हा मथळा नीट ऐकू आला, पण त्याखाली भावच नाहीत. चार डझनाची पेटी, पाच डझनाची पेटी, वाहतूक खर्च, सगळं एका रंगीत चित्रात आहे आणि चित्राला मजकूर नाही. अण्णांनी मागेपुढे तीनदा केलं. मग मी भाव वाचून दाखवले. किती पेट्या हव्यात त्या चौकटीला नाव नाही. आत फिकट अक्षरांत ‘संख्या’ लिहिलंय, ते टंकायला लागताच पुसलं जातं. अर्ज भरून झाला. आता ‘मागणी नोंदवा’. अण्णा टॅबची कळ दाबत पानाच्या तळापर्यंत गेले, बटण लागलं नाही. एनव्हीडीएमध्ये ‘बी’ दाबलं की पुढच्या बटणावर जाता येतं. त्याने उत्तर दिलं की पुढे बटण नाही.

कारण ते बटण नाहीच. रंग दिलेला चौकोन आहे, त्यावर क्लिक केलं की स्क्रिप्ट, म्हणजे पानातला छोटा प्रोग्रॅम, चालते. पान ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये बटणाची स्वतःची खूण कित्येक वर्षांपासून आहे. ती वापरली की टॅबने तिथे पोचता येतं, एंटर आणि स्पेस दोन्ही चालतात, पडदावाचक त्याला ‘बटण’ म्हणतो, आणि हे जवळजवळ प्रत्येक ब्राउझरमध्ये सारखंच होतं. यासाठी एकही जादा ओळ लागत नाही. तुमच्या चौकोनालाच जास्त ओळी लागल्या आहेत, मी मोजल्या.

फोन करावा म्हटलं तर नंबरही त्या चित्रातच. अण्णांनी आत्याला कळवलं की यंदा पेटी दुसऱ्या बागेतून येईल. तुमच्या आकडेवारीत ही फक्त एक भेट म्हणून नोंदली गेली असेल.

क्रोमचं राहिलं. तुमची पेटी मागवणारा मुंबईचा, पुण्याचा माणूस पुष्कळदा आयफोनवाला असतो. आयफोनवर क्रोम लिहिलेलं असलं तरी आपल्याकडे आतलं इंजिन सफारीचंच, वेबकिट. म्हणजे तुमच्या संगणकावर जे चाललं ते त्याच्या ‘क्रोम’वर चाललंच असं नाही. दुसरीकडे बागेतल्या गड्यांच्या हातात आमच्याकडे बरीच वर्षं जिओफोन होता. २०१७ चा तो फोन, २.४ इंचांचा पडदा, ब्राउझर जुन्या फायरफॉक्सच्या इंजिनावरचा. ग्रिडची, म्हणजे आडव्या-उभ्या चौकटींची, मांडणी त्याला कळत नव्हती. ज्या पानाचा मजकूर आत सरळ क्रमाने लिहिलेला होता ते त्याच्यावर एकाखाली एक, साधं पण वाचण्याजोगं दिसायचं. ज्यात सगळं स्क्रिप्टवर सोपवलेलं, ते कोरं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या डोक्यावरून गेलं. त्यानंतर दापोली-मंडणगडात कित्येक दिवस वीज नव्हती आणि फोनला लागली तर एखादी काडी रेंज. त्या दिवसांत कुठली पानं उघडत होती आणि कुठली नुसती फिरत बसत होती, ते मी अंगणात पडलेल्या माडाशेजारी उभी राहून पाहिलंय. पडदावाचकाला जी पानं नीट वाचता येतात, तीच उघडत होती.

आणि आपल्या मराठीचं म्हणून काही आहे, ते कुठलंही प्लगइन करून देत नाही. मथळा ऐसपैस दिसावा म्हणून अक्षरांत अंतर वाढवलं की शिरोरेखा तुटते. तुमच्या साइटवर ‘अस्सल हापूस’ असाच तुटलेला आहे. ओळींतलं अंतर इंग्रजीच्या हिशेबाने ठेवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो. त्याच साइटवर बागेच्या वर्णनात ‘डोंगर आणि दर्या’ असं छापलंय, तिथे संदर्भाने ‘दऱ्या’ हवं. कानाने वाचणाऱ्या माणसाला डोंगराशेजारी एकदम समुद्र ऐकू येतो. आपल्या किनाऱ्यावर तो असतोही, त्यामुळे चूक झाली आहे हे त्याला कळतसुद्धा नाही.

त्या चित्रातल्या किमती तुम्ही पांढऱ्यावर केशरी अक्षरांत दिल्या आहेत. आंब्याचा रंग, कल्पना मला समजते. पण पानाचे रंग ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये नुसतं ‘ऑरेंज’ लिहून मिळणारा रंग पांढऱ्यावर ठेवला तर दोन्हींच्या उजळपणातला फरक २ ला १ सुद्धा भरत नाही. डब्ल्यूसीएजी, म्हणजे साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे जागतिक निकष, त्यांच्या एए या मधल्या पातळीला साध्या मजकुरासाठी तो किमान ४.५ ला १ लागतो. हा आकडा डिसेंबर २००८ च्या २.० आवृत्तीपासून आहे, ऑक्टोबर २०२३ च्या २.२ मध्येही तोच. माझ्या सासऱ्यांची नजर शाबूत आहे. एप्रिलच्या दुपारी कलमांखाली उभं राहून त्यांनी तुमची किंमत वाचून दाखवावी, असं मी त्यांना सांगितलं. फोन कपाळाशी नेऊनही त्यांना ती लागली नाही.

उरलेल्या मुद्द्यांना फार वेळ देत नाही. प्लगइनने बिन-बटणाचं बटण होत नाही आणि चित्रातले भाव बोलू लागत नाहीत. कायदा सरकारी साइटसाठी असतो असं एका ओळीत तुम्ही म्हटलंय. ३० एप्रिल २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचा. ॲसिड हल्ल्यात चेहरा गेलेल्या आणि अंध व्यक्तींना केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवता येत नव्हते, त्यावरचा तो खटला. डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने त्यात म्हटलंय. खर्चाचा प्रश्न तुमच्या आणि तुमच्या गिऱ्हाइकांच्या मधला आहे. त्यावर मी इथे काही लिहिणार नाही. मी स्वतः या कामाचे वेगळे पैसे कधी घेतले नाहीत आणि माझं घर चाललंय.

तुमच्या त्या साइटमधल्या दुरुस्त्यांची यादी मी करून ठेवली आहे: पानाची भाषा, भावांचं चित्र, चौकटींची नावं, बटण, केशरी रंग, तुटलेला मथळा आणि ‘दऱ्या’. झाडूचं वाक्य मागे घेतलंत तर आजच पाठवते. नाही घेतलंत तरी हंगाम संपायच्या आत पाठवीनच, कारण ज्याने आंबा पिकवलाय त्या बागायतदाराचा यात काही दोष नाही.