आमवात झाला म्हणून ताईची गाडी काहाले बंद?

माझी मोठी बहीण आर्णी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. घरापासून शाळा १४ किलोमीटर. एसटी दिवसातून दोनदा, तीही शाळेच्या वेळेला नाही. सात वर्षांपासून तिला आमवात, म्हणजे सांधे सुजवणारा संधिवात, आहे आणि सातही वर्षं ती स्कूटीनं जाते. मागच्या महिन्यात तिनं गाडी ताडपत्रीखाली झाकून ठेवली. ‘मोबाइलात आलं हाय, आपलं लायसनच रद्द होते म्हणते,’ असं ती फोनवर म्हणाली आणि माझं डोकं फिरलं.

तुमच्याही गावच्या ग्रुपवर हे आलं असेल: संधिवातवाल्याचं लायसन कायद्यानं रद्द, गाडी चालवून सांध्यांचं वंगण संपतं, गोळ्यांनी गुंगी येते म्हणून त्या सोडा, आमची पुडी घ्या आणि तांब्याचं कडं घाला.

आधी लायसन. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ८ वाचा. गाडी चालवणं धोक्याचं ठरेल असा आजार किंवा अपंगत्व असेल तर लायसन नाकारता येतं. कलम १६ प्रमाणे दिलेलं लायसन काढूनही घेता येतं, पण माणूस खरंच अपात्र आहे असं मानायला सबळ कारण लागतं. संधिवाताचं नाव त्यात कुठंही नाही. अर्जात विचारतात ते हातापायांची हालचाल, ताबा आणि ताकद. उलट अपंग माणसाला त्याच्यासाठी बदल केलेल्या गाडीचं लायसन मिळायची सोय त्याच कलम ८ मध्ये आहे.

वंगणाचं म्हणाल तर सांधा हलता ठेवा असंच डॉक्टर सांगतात. फार वेळ एका जागी बसलं की तो आखडतो, तेव्हा लांबच्या रस्त्यात मध्ये उतरून चाला. कड्यानं कोणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही.

आता गोळ्या. इथं मला खरा संताप येतो. ताई मेथोट्रेक्सेट ही आमवात आटोक्यात ठेवणारी गोळी घेते, आठवड्यातून एकदाच. ती झोपेची गोळी नाही. दुसऱ्या दिवशी मळमळ, थकवा जाणवतो म्हणून शनिवारी रात्री घेते, रविवारी घरीच असते. निरोप वाचून तिनं तीन शनिवार सोडले. मी गेले तेव्हा तिची बोटं भेंडीसारखी ताठ, मनगटं सुजलेली. कोमट पाण्यात अर्धा तास हात बुडवूनही ब्रेकची दांडी तिच्यानं दाबली जाईना. याच हातांनी ती मार्चपर्यंत सकाळपाळीच्या शाळेत वेळेवर पोचत होती, गाडीच्या मुठींवर जुन्या ट्यूबचा तुकडा चढवून, म्हणजे बोटं कमी आवळावी लागतात. तिचा ब्रेक त्या गोळीवर चालतो, हे ज्यानं निरोप लिहिला त्याला कोणी सांगावं?

आणि पुडी! अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. दोन दिवसांत दुखणं गायब होतं, म्हणून लोक फसतात. मग चेहरा सुजतो, साखर वाढते, आणि महिनोन्‌महिने घेऊन एकदम थांबवली तर जिवावर बेततं.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. ट्रामाडोल, प्रिगाबालिन अशा दुखण्याच्या गोळ्यांनी खरंच झापड येते. त्या सुरू केल्यावर अंगाला काय होतं ते कळेपर्यंत गाडीला हात लावू नये. सूज चढलेल्या दिवशीही नाही. ताई तेव्हा शेजारच्या गुरुजींच्या मागं बसून जाते.

तिनं पुडीही मागवून ठेवली होती. पाकिटावर ना घटक, ना बनवणाऱ्याचा पत्ता, नुसता मोबाइल नंबर. नशीब, फोडली नव्हती. ते पाकीट आता माझ्याजवळ आहे, पुढच्या तपासणीला डॉक्टरांपुढे ठेवणार आहे.