‘जुन्याची एक फाइल, नव्याची एक’ : हा सल्ला जुन्या घराला का चालत नाही

रेव्हिट या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये घरदुरुस्तीचे नकाशे करणाऱ्यांमध्ये एक सल्ला खूप फिरतो आहे : ‘रेव्हिटमधल्या फेजच्या भानगडीत पडू नका. जुन्या घराची फाइल करा, तिची कॉपी काढून तिच्यात नवं घर करा. पाडायची भिंत डिलीट, बुजवायच्या दारात तुकडा भिंत. फेज लावले की खोल्या गायब होतात आणि पाडकामाचं मोजमाप मिळत नाही.’ फेज म्हणजे कामाचा टप्पा : एकाच फाइलीत कोणती भिंत जुनी, कोणती पाडायची, कोणती नवी, याची नोंद. जळगाव-धुळ्याकडच्या धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घराला हा सल्ला लावला, तर त्या चुकीची किंमत साइटवर मोजावी लागते.

‘दोन फाइली सोप्या.’ पहिल्या दिवशी सोप्या, हे मान्य. पण मातीच्या भिंतीचं खरं माप पहिल्या दिवशी हाती येतच नाही. २ फूट धरलेली भिंत गिलावा खरवडल्यावर २२ इंच निघते. मग दुरुस्ती दोन्हीकडे करायची, आणि एकीकडे हमखास राहून जाते. फेजमध्ये ती भिंत एकच असते. एकदा सुधारली की जुना आणि नवा, दोन्ही नकाशे सुधारतात.

फेज ‘बिघडतात’ ते बहुतेक वेळा सुरुवातीलाच. टेम्पलेटमधल्या नेहमीच्या प्लॅनचा फेज ‘न्यू कन्स्ट्रक्शन’ असतो. मोजणीच्या भिंती त्यातच काढल्या की अख्खं जुनं घर नवं ठरतं. म्हणून आधी प्लॅनची डुप्लिकेट काढून तिचा फेज ‘एक्झिस्टिंग’ करा आणि मोजणी त्यातच उतरवा. चूक झालीच असेल, तर भिंती आणि त्यांतली दारं-खिडक्या एकत्र निवडून ‘फेज क्रिएटेड’ बदला. दार आपल्या भिंतीच्या आधी अस्तित्वात येऊ शकत नाही, त्यामुळे नुसती दारं बदलायला गेलात तर रेव्हिट अडवतो.

‘पाडायची भिंत डिलीट करा.’ मग काय पाडायचं ते दाखवणारा नकाशा कुठून आणणार? नव्या फेजच्या प्लॅनमध्ये ‘डिमॉलिश’चा हातोडा भिंतीवर मारा. ती जुन्या नकाशात शाबूत राहते, पाडकामाच्या नकाशात तुटक रेषेत दिसते. १२ फुटांतली ५ फूटच पाडायची असेल, तर आधी ‘स्प्लिट’ने तुकडे करा. आपल्याकडे याहून महत्त्वाचं म्हणजे भिंतीत दडलेले लाकडी खांब. धाब्याचा भार खांब आणि सरे (आडव्या तुळया) पेलतात. भिंत अनेकदा खणामधली, म्हणजे दोन खांबांमधल्या जागेतली, नुसती भरणी असते. खांब वेगळा कॉलम म्हणून काढा, एक्झिस्टिंगच ठेवा. तो भिंतीतच गिळला गेला, तर तुमचाच नकाशा मिस्त्रीला खांबही पाडायला सांगतो. पाडकामापुरते टेकू द्यायचे असतील, तर त्यांचा क्रिएटेड आणि डिमॉलिश्ड फेज एकच ठेवा. ते ‘टेम्पररी’ म्हणून दिसतात.

‘बंद दारात तुकडा भिंत काढा.’ गरजच नाही. दार डिमॉलिश केलं की रेव्हिट ती जागा स्वतः भरतो. फक्त भरणी मूळ भिंतीच्याच टाइपची, म्हणजे त्याच थरांची आणि जाडीची, येते. ३ बाय ७ फुटांचं दार २ फुटी मातीच्या भिंतीत असेल, तर ४२ घनफूट माती मोजली जाते. प्रत्यक्षात तिथे ९ इंची वीटकाम होणार, म्हणजे पावणेसोळा घनफूट. भरणी निवडून टाइप बदला आणि ती कोणत्या बाजूला बसली ते प्लॅनमध्ये पाहा. ती वेगळी डिलीट होत नाही, म्हणून घाबरू नका.

‘खोल्या गायब होतात.’ होत नाहीत. खोली एकाच फेजची असते, नव्या फेजमध्ये ती पुन्हा ठेवावी लागते. अर्ध्या तासाचं काम आहे.

‘पाडकामाचं मोजमाप मिळत नाही.’ मिळतं. ‘मॅनेज’मधून ‘फेजेस’ उघडा, ‘फेज फिल्टर्स’मध्ये नवा फिल्टर करा. न्यू, एक्झिस्टिंग आणि टेम्पररीला ‘नॉट डिस्प्लेड’ द्या, डिमॉलिश्ड तेवढं दिसू द्या. भिंतींच्या शेड्यूलला (मोजमापाच्या तक्त्याला) नवा फेज आणि हा फिल्टर लावला की पाडायच्याच भिंती उरतात. १२ फूट लांब, १० फूट उंच, २ फूट जाड भिंत म्हणजे २४० घनफूट, १०० घनफुटांच्या ब्रासने २.४ ब्रास. हा उभ्या भिंतीचा आकडा. मोकळी माती फुगते, ट्रॅक्टर सांगताना ते धरा.

फेज खरोखर तोकडे पडतात ते गिलाव्यापाशी, आणि ते या सल्ल्यात आलेलंच नाही. भिंतीच्या टाइपला फेज नसतो. मातीचा गिलावा काढून नवा लावायचा म्हणून टाइपमधला थर बदललात, तर जुना नकाशाही बदलतो. अशा ठिकाणी तीन भिंती काढा : मधला गाभा एक्झिस्टिंग; जुना गिलावा पातळ भिंत म्हणून एक्झिस्टिंग आणि नव्या फेजमध्ये डिमॉलिश्ड; नवा गिलावा नव्या फेजमध्ये. गिलाव्याच्या दोन्ही भिंती गाभ्याशी ‘जॉइन जिऑमेट्री’ने जोडा, नाहीतर दारा-खिडक्यांच्या तोंडावर गिलावा तसाच राहतो आणि मोजमापात ते क्षेत्रफळ जास्तीचं धरलं जातं.