'बिहेस्ट' आधी वचन होतं

'अ‍ॅट द बिहेस्ट ऑफ' हा प्रयोग इंग्रजी बातम्यांत नेहमी दिसतो: अमक्याच्या सांगण्यावरून तमकं झालं. या 'बिहेस्ट'बद्दल सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणे, शब्द नॉर्मन राजांनी फ्रेंचमधून आणला. त्यातलं 'हेस्ट' म्हणजे घाई, म्हणून अर्थ 'ताबडतोब पाळायचा हुकूम'. आणि पहिल्यापासून तो एवढाच. यातलं एकही विधान टिकत नाही.

फ्रेंचमधून आला तो 'कमांड'. 'बिहेस्ट'चं मूळ घरचंच. १०६६ मध्ये नॉर्मन इंग्लंडात उतरले, त्याच्या कितीतरी आधी जुन्या इंग्रजीत 'हातान' हे क्रियापद होतं. आज्ञा करणं, वचन देणं, नाव असणं, हे सगळं त्या एकात मावायचं. त्यावरून 'हॅस', म्हणजे आज्ञा. शेवटचा 'ट' मागाहून चिकटला, 'अगेन्स्ट'ला चिकटला तसाच.

घाईचा 'हेस्ट' वेगळा, आणि फ्रेंचमधून आला तो हा. देवनागरीत दोन्ही सारखेच लिहिले जातात, इंग्रजीत मात्र स्पेलिंगही वेगळं आणि उच्चारही.

तिसरं विधान मला सगळ्यांत खटकतं, कारण शब्दाचं अर्धं आयुष्यच त्यात पुसलं जातं. 'हॅस'ला 'बे' लागून जुना 'बेहॅस' झाला, त्याचा अर्थ वचन, नवस. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स' या गोष्टींच्या काव्यात यजमान वकिलाला आठवण देतो, गोष्ट सांगायचं कबूल केलंयस, आता सांग. वकील उत्तरतो, 'बिहेस्ट' म्हणजे ऋण, मी माझं पाळीन. इथे 'हुकूम' घालून वाचा, वाक्य कोसळतं. आज्ञेचा अर्थही बाराव्या शतकाच्या अखेरीपासून सोबत होता. पुढे वचनाचा अर्थ मागे पडला आणि तोच उरला.

एका शब्दात दोन्ही कसं, असं मराठी माणसाला तरी वाटू नये. आपण 'शब्द देतो' आणि वडिलांच्या 'शब्दाबाहेर जात नाही'. जर्मनमध्ये याच मुळाचे 'गेहाइस' म्हणजे आज्ञा आणि 'फेरहाइसुंग' म्हणजे वचन, दोन्ही आजही आहेत.

निव्वळ आज्ञा हवी असेल तर नुसता 'हेस्ट' पाहा, घाईचा नव्हे, 'हॅस'वरून आलेला. शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट' नाटकात फर्डिनंड नायिकेला नाव विचारतो, ती 'मिरांडा' सांगून बसते आणि लगेच चपापते: बाबांचा 'हेस्ट' मोडला.