कबुतर कुठल्या पानावर आहे?

काझुओ इशिगुरोच्या ‘द रिमेन्स ऑफ द डे’चा शेवट उलगडून सांगायचं काम वाचनगटानं माझ्यावर सोपवलं होतं. टिपणं काढली, पेन्सिलीनं खुणा केल्या, आरशासमोर तालीमसुद्धा केली (हे कुणाला सांगू नका). पहिलं वाक्य जेमतेम संपलं आणि समोरच्या काकांनी हात वर केला.

“त्या कबुतराबद्दल बोलणार आहात ना?”

“कुठलं कबुतर?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. परीक्षेला पेन न आणणाऱ्या पोराकडे बघतात तसं.

“अहो, शेवटी हवेलीत शिरतं ते! मालक आणि बटलर त्याला खिडकीतून बाहेर सोडतात. कबुतर उडून जातं, खिडकी बंद, बटलर आतच! सगळी कादंबरी त्या कबुतरात आहे.”

“वाऽऽ!” चहूकडून. शेजारच्या बाईंनी वहीत ‘कबुतर = स्वातंत्र्य’ लिहून खाली दोन रेघा मारल्या.

“काका, ते 1993च्या सिनेमात आहे. कादंबरी 1989ची. तिच्यात कबुतर नाही.”

“सिनेमा पुस्तकावरूनच काढलाय ना? मग पुस्तकात असणारच की!”

यावर काय बोलणार?

“घाईत वाचलं असेल तुम्ही,” काका मायेनं म्हणाले. “शेवटची पानं सगळ्यांचीच घाईत होतात.” मागून कुणीतरी “जाऊ द्या हो, होतं असं” म्हणून माझं सांत्वनही केलं. ते सांत्वन जास्त झोंबलं. यात थोडा दोष सिनेमात बटलर झालेल्या अँथनी हॉपकिन्सचाही आहे. माणसानं इतकं चांगलं काम करू नये की पुस्तक उघडायची गरजच वाटेनाशी व्हावी.

मला बोलायचं होतं ते पाचव्या दिवसाबद्दल. 1956 साली बटलर स्टीव्हन्स, म्हणजे गोष्ट सांगणारा, हवेलीत पूर्वी त्याच्याबरोबर काम केलेल्या मिस केंटनला भेटायला निघतो, प्रकरणांना दिवसांची नावं आहेत. चौथ्या दिवसाची दुपार, आणि पान उलटलं की एकदम सहाव्याची संध्याकाळ. मधला दिवस गायब! तुमच्याबरोबरचं आयुष्य कसं असतं, हा विचार कधीकधी मनात येतो, असं ती त्याला सांगून गेली आहे. त्यानंतरच्या दिवसाबद्दल या बोलक्या माणसाकडे एक ओळ नाही. मग वेमथ या समुद्रकाठच्या गावी, धक्क्यावर एक अनोळखी माणूस, तोही कधीकाळचा बटलर, त्याला रुमाल देऊ करतो, तेव्हा आपल्याला कळतं की स्टीव्हन्स रडतोय. तो स्वतः कबूल करत नाही. आणि शेवटी काय ठरवतो? अमेरिकन मालकासाठी थट्टामस्करी शिकायची! लोकांना यात आशा दिसते. मला तर तो पुन्हा कामावर रुजू होताना दिसतो. बटलरचा कोट काढला तर आत कोण उरतं, हे बघायची त्याची हिंमतच नाही.

हे सगळं बोलायचं राहिलं. नसलेलं कबुतर सगळ्यांना दिसलं, नसलेला दिवस एकालाही नाही. “वेळ संपली, चहा घेऊ या,” असं जाहीर झालं. पुढच्या सभेचं अध्यक्षपद एकमतानं काकांकडे गेलं.

वर, निघताना काकांनी खुणांसकट माझीच प्रत मागून नेली. परवा निरोप आला : “निम्मं झालं. अजून आलं नाही. पण येणार बघा!”