सुनांना शेण नको, म्हणून गावं ओस पडली?

आमच्या इंदूरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तोच मेसेज तिसऱ्यांदा आला: ‘देशातली खेडी ओस पडली. पोरांना शहराची चटक लागली, सुनांना शेणात हात घालायचा नाही, शाळेत पोरं उरली नाहीत.’ धाडणारे अण्णा. ते स्वतः पंचविशीत नोकरीसाठी गाव सोडून इंदूरला आले, ते इथलेच झाले. दोनदा गप्प बसलो.

देशातली खेडी ओस? २००१च्या जनगणनेत ग्रामीण लोकसंख्या ७४ कोटी होती, २०११ला ८३ कोटी. वाढ मंदावली, एवढं खरं. आणि काही गावं नुसती कागदावर संपतात. इंदूरलगतची निपानिया, कनाडिया आपल्या डोळ्यांदेखत महापालिकेत आली. तिथला शेतकरी जागचा न हलता शहरी झाला.

रत्नागिरी जिल्हा मात्र खरोखर घटला. त्याच दहा वर्षांत १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९. पण ही कालची चटक नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईत गिरण्या निघाल्या तेव्हापासून कोकणातला माणूस जातोय. पावसाचं एक भातपीक, मग हाताला काम नाही. घर चालायचं मनिऑर्डरवर.

गेल्या मे महिन्यात राजापूरकडे आमच्या गावी गेलो होतो. सातबाऱ्यावर एकवीस नावं, त्यातली सहा मयतांची. कलमं लावायची म्हटलं तर सह्या कुणाकुणाच्या घ्यायच्या? अण्णांनाही फोन केला होता. ‘दिवाळीनंतर बघू,’ म्हणाले. शेजारची खाचरं पडीक, त्यात रान माजलंय. तिथून वानरं आणि डुकरं थेट आमच्यात. काकूने भुईमूग करणं सोडलं. एक घर बंद झालं की उरलेल्यांचं असं होतं.

शाळेचं म्हणाल, तर २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ग्रामीण भारतातही बाईमागे सरासरी २.१ मुलं. कुणी गाव सोडलं नाही तरी पट उतरणारच.

राहिल्या सुना. २०११ला रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१२२ बायका होत्या. म्हणजे गेले कोण, ते अण्णांनीच मोजावं. काका चाळीस वर्षं परळला. लावणी, गोठा, सासूचं आजारपण, सगळं काकूनं काढलं. आता काका नाहीत, घरात ती एकटीच. मी उठायच्या आत तिचं शेण काढून झालेलं असायचं.